दुसरी वही

बातमीदारीत येण्याआधी अडीच वर्षं मी एका ऑडिटरच्या हाताखाली काम करत होते. सगळ्यात कनिष्ठ असल्यामुळे शिल्लक-पुष्टीची पत्रं पाठवायचं काम माझ्याकडे. कंपनी म्हणते, अमक्याकडून आमचं इतकं येणं आहे. मग ऑडिटर त्या अमक्याला पत्र घालून विचारतो, बाबा रे, खरंच तू इतकं देणं लागतोस का? उत्तर आलं की फाइलला लावायचं आणि यादीत टिकमार्क करायची. एकदा एका व्यापारी कंपनीच्या नऊ ग्राहकांना पत्रं गेली आणि नऊच्या नऊ उत्तरं एकाच आठवड्यात परत आली. इतकी शिस्त जगात कुठल्या देणेकऱ्याला असते? मी पाकिटं टेबलावर ओळीनं मांडली. सहा पाकिटांवरचं हस्ताक्षर एकच होतं. आणि ग्राहकांचे पत्ते मला दिले होते त्याच कंपनीच्या हिशेब खात्यानं. साहेबांना दाखवलं. त्यांनी पाकिटं पाहिली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "उत्तरं आली ना? मग लाव फाइलला."

ती नोकरी पुढे फार दिवस टिकली नाही. पण उद्योगधंद्यांवर शोधबातम्या कशा करायच्या, असं कुणी नवीन पोरगं विचारायला आलं की मी अजूनही त्या नऊ पाकिटांपासूनच सुरुवात करते.

जमाखर्चात प्रत्येक नोंद दोनदा होते. एकाच्या नावे पडलेली रक्कम दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत जमा असते. कंपनी आपल्याला दाखवते ती तिची वही. दुसरी वही बँकेकडे असते, माल घेणाऱ्याकडे असते, कर्ज देणाऱ्याकडे, जहाज कंपनीकडे, कस्टमकडे, भांडून बाहेर पडलेल्या भागीदाराकडे असते. आपलं काम ती दुसरी वही शोधण्याचं, आणि तिच्यापर्यंत कंपनीनं न दिलेल्या पत्त्यावरून पोचण्याचं. बाकी सगळी तंत्रं याच्याच शाखा आहेत.

हा पाकिटांचा किस्सा किरकोळ वाटत असेल तर मोठी प्रकरणं बघा. इटलीतली पार्मालात ही दूधउत्पादनांची कंपनी २००३च्या डिसेंबरात कोसळली. तिच्या केमन बेटांवरच्या उपकंपनीच्या खात्यात बँक ऑफ अमेरिकेत ३.९५ अब्ज युरो आहेत असं दाखवणारं पत्र ऑडिटरकडे होतं. बँकेनं सांगितलं, असं खातंच नाही. पत्र बनावट होतं. सत्यम या संगणक कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. जर्मनीच्या वायरकार्ड या कार्डांवरचे पैसे हाताळणाऱ्या कंपनीचे १.९ अब्ज युरो फिलिपिन्समधल्या दोन बँकांत असल्याचं सांगितलं जात होतं. जून २०२० मध्ये दोन्ही बँकांनी कागद खोटे ठरवले आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेनं, हे पैसे आमच्या देशात आलेच नाहीत, असं जाहीर केलं. तिन्ही ठिकाणी थाप रोख रकमेबद्दल होती. जिथे कुणी संशय घेणार नाही, नेमकी तिथे.

अहवाल मागून वाचा

वार्षिक अहवालाची पहिली पन्नास पानं, म्हणजे हसरे चेहरे, पवनचक्क्या, अध्यक्षांचं मनोगत, मी शेवटी वाचते, तीही वेळ उरला तर. आधी ऑडिटरचा अहवाल. त्यात शेरा आहे का, कुठल्या बाबीकडे लक्ष वेधलंय, आणि सही गेल्या वर्षीच्याच ऑडिटरची आहे का. मुदतीच्या मध्येच ऑडिटर बदलला असेल तर तिथेच थांबून चहा सांगा, काम लांबणार आहे. अमेरिकेत नोंदणी असलेल्या कंपनीला ऑडिटर बदलल्याची खबर एट-के नावाच्या फॉर्मवर चार कामकाजी दिवसांत द्यावी लागते, आणि गेलेल्या ऑडिटरला त्या निवेदनाशी तो सहमत आहे की नाही हे लिहून द्यावं लागतं. ते छोटंसं पत्र आवर्जून वाचावं. दुसरी वही तिथे दोन ओळींत डोकावते.

ऑडिटर कोण, याइतकंच ऑडिटर केवढा, हेही पाहा. गुंतवणूकदारांना फसवणारा अमेरिकेतला बर्नार्ड मॅडॉफ अब्जावधी डॉलर सांभाळत असल्याचं सांगायचा आणि त्याचे हिशेब तपासत होती तीन माणसांची एक कचेरी.

मग टिपा. लेखांवरच्या टिपा बारीक अक्षरात असतात आणि कंटाळवाण्या असतात, कारण त्या कुणी वाचू नयेत अशी लिहिणाऱ्याचीच इच्छा असते. कंपनीला जे कायद्यानं सांगावंच लागतं पण सांगायचं नसतं, ते इथे सापडतं. एन्रॉनच्या २०००च्या अहवालातल्या संबंधित पक्षांच्या (म्हणजे कंपनीच्याच आतल्या माणसांशी जोडलेल्या संस्थांच्या) टिपेत लिहिलेलं होतं की कंपनीनं काही भागीदारी संस्थांशी व्यवहार केले असून त्या संस्थांचा कारभार एन्रॉनचाच 'एक वरिष्ठ अधिकारी' पाहतो. नाव नव्हतं. तो अधिकारी म्हणजे कंपनीचा वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो. कंपनी दिवाळखोरीत गेली २ डिसेंबर २००१ला. अहवाल त्याच्या कितीतरी महिने आधीपासून सगळ्यांच्या हातात होता.

टिपा वाचायची माझी एक पद्धत आहे. गेल्या वर्षीच्या टिपा आणि या वर्षीच्या टिपा दोन फायलींत उतरवून घ्यायच्या आणि वर्ड प्रोसेसरमधली दोन मसुदे ताडून बघायची सोय चालवायची. वकिलांची भाषा वर्षानुवर्षं तीच असते, त्यामुळे बदललेला शब्द लगेच रंगून दिसतो. नवी ओळ महत्त्वाची असतेच, पण गाळलेली ओळ जास्त बोलते. 'माल ग्राहकाच्या ताब्यात गेल्यावर विक्री धरली जाते' हे वाक्य जाऊन त्या जागी 'माल गोदामातून निघाल्यावर' आलं, तर या वर्षीच्या वाढीव विक्रीतली किती विक्री नुसती गोदामाच्या दारातून निघाली आहे, हा प्रश्न आपोआप तयार होतो.

संबंधित पक्षांचे व्यवहार, संभाव्य देणी, उपकंपन्यांची यादी, येणी किती जुनी आहेत याचा तक्ता: या चार टिपा कधीच सोडायच्या नाहीत. बाकीच्या दमलात तर उद्या.

आकडेमोड लागते ती शाळेतल्या त्रैराशिकाएवढी. नफा दरवर्षी वाढतोय आणि कामकाजातून येणारी रोख वाढत नाही, असं तीन वर्षं चाललं तर नफा कागदावर राहतोय. येणी भागिले विक्री गुणिले ३६५ केलं की पैसे यायला सरासरी किती दिवस लागतात ते कळतं. समजा, विक्री १,००० आणि येणी २०० असतील तर ७३ दिवस. पुढल्या वर्षी विक्री १,२०० आणि येणी ३६० झाली तर साधारण ११० दिवस. विक्री वीस टक्क्यांनी वाढली म्हणून मथळे येतात. उधारी ऐंशी टक्क्यांनी वाढली, हे कुणी छापत नाही.

माझी सगळ्यात लाडकी तपासणी मात्र व्याजाची. कंपनी सांगते तेवढी रोख तिच्याकडे वर्षभर असेल तर तिच्यावर व्याज मिळायला हवं. मिळालेलं व्याज भागिले सरासरी शिल्लक करा. बँका पाच टक्के देत असताना उत्तर अर्धा टक्का आलं, तर एक तर पैसा वर्षअखेरीस चार दिवसांपुरता आणून ठेवलाय, नाहीतर तो नाहीच. (हुशार लोक व्याजही खोटं दाखवतात. सत्यमच्या ताळेबंदात ३७६ कोटींचं न मिळालेलं व्याज होतंच. तेव्हा उत्तर बरोबर आलं म्हणून निश्चिंत होऊ नका.) आणि जिच्या खात्यात ढीगभर रोख आहे ती कंपनी वर कर्ज का काढतेय, हा प्रश्न पार्मालातच्या बाबतीत विचारण्यासारखा होता.

बनावट आकडे हुडकायला वापरतात त्या बेनफर्डच्या नियमाबद्दल हल्ली फार बोललं जातं. नैसर्गिकपणे जमलेल्या आकड्यांत पहिला अंक एक असण्याचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास असतं, वगैरे. हजारो नोंदींची फाइल हातात असेल तर करून पाहा. वार्षिक अहवालातल्या दोन-तीनशे आकड्यांवर लावून बातमी करायला जाऊ नका.

खोटं निघालं तर नुकसान कुणाचं?

आता बाहेरच्या वह्या. नवखे बातमीदार सरकारी कंपनी-नोंदणीला वेदवाक्य मानतात. ब्रिटनचं कंपनीज हाउस २०१५पासून फुकट बघता येतं आणि ते फार उपयोगी आहे. पण तिथे संचालक म्हणून कुणाचं नाव आहे, मालक कोण लिहिलाय, हे सगळं कंपनीनंच भरून दिलेलं असतं. तिथल्या निबंधकाला माहितीवर शंका घ्यायचे नीट अधिकार मिळाले ते मार्च २०२४पासून. म्हणजे इतकी वर्षं ती पहिलीच वही होती, फक्त सरकारी कव्हर घातलेली.

म्हणून कुठलाही कागद हातात आला की मी विचारते, यातलं खोटं निघालं तर पैसे कुणाचे बुडणार? लिहिणाऱ्याचेच बुडणार असतील तर कागद भरवशाचा. त्याच कंपनीज हाउसमध्ये तारणाची नोंद असते. ती मी आधी उघडते, कारण कर्ज देणाऱ्याला आपला बोजा नीट नोंदला जाण्यात स्वारस्य असतं. भारतात हीच सोय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. तारणाच्या नोंदीतून कळतं की कंपनीनं कुठल्या तारखेला, कुणाकडून, काय गहाण ठेवून पैसे उचलले. मोठ्या बँका एकेक करून बोजा सोडवून घेतायत आणि त्या जागी कधी न ऐकलेल्या सावकारी कंपन्या येतायत, असं दिसलं तर बँकांना जे कळलंय ते आपल्याला अजून कळायचंय.

कोर्टाची कागदपत्रं याच कारणासाठी सोन्यासारखी. तिथे दोन बाजू एकमेकांच्या वह्या फाडत असतात. मोठ्या खटल्यांपेक्षा किरकोळ दावे पाहा: थकलेलं भाडं, न दिलेला बोनस, यंत्र परत मागणारा पुरवठादार. सोबत जोडलेल्या कागदांत करार असतात, ईमेल असतात, कधी बँकेचे उतारेही. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांचे कागद पेसर या यंत्रणेत पानागणिक पैसे मोजून मिळतात. आधी कोर्टलिसनरवर शोधा, कुणीतरी आधीच विकत घेऊन तिथे फुकट ठेवलेले असू शकतात.

अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या एडगर संग्रहात २००१पासूनच्या कागदांत शब्दवार शोध घेता येतो. बहुतेक जण तिथे ज्या कंपनीवर बातमी करायची तिचंच नाव टाकतात. मी उलटं करते. कंपनी खासगी असेल, तिचे स्वतःचे कागद कुठेच नसतील, तरी तिच्याकडून माल घेणारी किंवा तिला पैसे देणारी एखादी कंपनी बाजारात नोंदलेली असते, आणि तिच्या जोडपत्रांत आपल्या खासगी कंपनीचा करार सापडतो. तसंच पत्त्यांचं. नाव बदलायला अर्ज पुरतो, पण पत्ता, फोन नंबर आणि हिशेबनीस सहसा तेच राहतात. पत्ता अवतरणचिन्हांत टाकून शोधा.

देशादेशांतल्या नोंदी एकत्र बघायला ओपनकॉर्पोरेट्स आहे. ओसीसीआरपी या शोधपत्रकारांच्या संघटनेचं आलेफ आहे. आयसीआयजे या शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या ऑफशोअर लीक्स संग्रहात पनामा पेपर्ससकट अनेक गळतींमधल्या आठ लाखांहून जास्त संस्था आहेत. तिथे नाव असणं हा गुन्हा नाही, हे संग्रहाच्या दारावरच लिहिलेलं असतं आणि आपण ते विसरतो. युरोपातल्या कंपन्यांच्या खऱ्या मालकांच्या नोंदी एकेकाळी कुणालाही खुल्या होत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयानं ती सरसकट मुभा रद्द ठरवली, तेव्हापासून पत्रकारांना आपलं प्रयोजन सांगून दार ठोठवावं लागतं. ठोठवा.

जहाजांची नावं रंग देऊन बदलता येतात, पण आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात अंकी क्रमांक जहाजाबरोबर जन्मभर राहतो. माल गेला असं कंपनी म्हणत असेल तर कुठल्या जहाजानं, ते विचारा. संकेतस्थळावरून गुपचूप काढलेलं पान वेबॅक मशीन या जुनी पानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर मिळतं. आणि आज दिसणारं पान तुम्ही स्वतः तिथे आजच जतन करा, बातमीचा वास लागला की पानं गळायला लागतात.

दुसरी वही कधी कधी कागदाचीही नसते. मॅडॉफच्या मागे लागलेल्या हॅरी मार्कोपोलोस या वित्तविश्लेषकानं मॅडॉफच्या वह्या उघडायची वाट पाहिली नाही. मॅडॉफ सांगतो ती युक्ती खरी असेल तर त्याला शेअर निर्देशांकाचे जेवढे ऑप्शन (म्हणजे पुढच्या भावावरचे सौदे) घ्यावे लागतील, तेवढे संपूर्ण बाजारात उघडे सौदेच नाहीत, हे त्यानं दाखवलं. २००५ मध्ये त्यानं आयोगाला लेखी कळवलं. अटक झाली डिसेंबर २००८ला.

लकिन कॉफी या चिनी कॉफी दुकानांच्या साखळीच्या बाबतीत तर मोजणी माणसांनी केली. जानेवारी २०२०च्या अखेरीस मडी वॉटर्स या शॉर्टसेलर संस्थेनं एक निनावी अहवाल बाहेर आणला. दुकानांत येणाऱ्या गिऱ्हाइकांचं ११,२६० तासांचं चित्रीकरण आणि २५,८४३ पावत्या त्यात वापरल्या होत्या. पावत्यांवरचे क्रमांक मध्येच उड्या मारत होते, म्हणजे ऑर्डरी दिसत होत्या त्यापेक्षा कमी होत्या. एप्रिलमध्ये कंपनीनंच सुमारे २.२ अब्ज युआनची विक्री बनावट असल्याचं जाहीर केलं. मात्र शॉर्टसेलरचा अहवाल वाचताना त्याचा धंदा ध्यानात ठेवा. भाव पडला की त्याला पैसे मिळतात. त्याचे निष्कर्ष उचलू नका, त्यानं दाखवलेले कागद स्वतः नव्यानं काढा.

आणि जा. पत्त्यावर जाऊन या. २०१९ मध्ये फायनान्शियल टाइम्सची बातमीदार फिलिपिन्समध्ये वायरकार्डच्या भागीदार कंपन्यांच्या पत्त्यांवर गेली, तर एका ठिकाणी निवृत्त खलाशाचं कुटुंब राहत होतं.

माझी फजिती

सगळं पहिल्यापासून नीट जमत होतं असं समजू नका. एका कंपनीचा सगळ्यात मोठा परदेशी ग्राहक म्हणजे तिच्याच वित्तप्रमुखाच्या मेव्हण्याची कंपनी आहे, अशी बातमी मी लिहून तयार केली होती. नाव, आडनाव, मधलं नाव, सगळं जुळत होतं. पान लागायच्या दोन तास आधी आमच्या डेस्कवरच्या सहकाऱ्यानं विचारलं, "ताई, जन्मसाल बघितलंस?" नोंदणीत महिना आणि साल दिलेलं होतं. तो ग्राहक मेव्हण्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठा निघाला. बातमी हातची गेली, आणि तिच्यात घातलेले पाच आठवडेही.

तेव्हापासून नाव जुळणं ही मी फक्त सुरुवात मानते. जन्मतारीख, पत्ता, सही, भारतात संचालकाचा आठ अंकी क्रमांक, यांतल्या किमान दोन गोष्टी वेगळ्या ठिकाणांहून जुळल्याशिवाय 'तोच माणूस' हे शब्द लिहायचे नाहीत.

दुसरं, एक तक्ता ठेवायला लागले. प्रत्येक ओळीला एक तारीख. तिच्यासमोर त्या दिवशी काय घडलं, कुठला कागद, कितवं पान, हे कोण म्हणतंय आणि त्याचं खोटं निघालं तर नुकसान कुणाचं. अडीचशे ओळी झाल्या की बातमी त्यातूनच दिसायला लागते, कारण कर्ज, राजीनामा आणि शेअर विक्री एकाच पंधरवड्यात येऊन शेजारी बसतात. अमेरिकी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना स्वतःच्या शेअर व्यवहाराची खबर दोन कामकाजी दिवसांत द्यावी लागते, त्या तारखा या तक्त्यात फार बोलक्या ठरतात.

माणसांकडे मी कागद वाचून झाल्यावरच जाते. आधी सोडून गेलेले, मग कडेचे म्हणजे पुरवठादार, स्पर्धक, जुने सल्लागार, आणि सगळ्यात शेवटी केंद्रातले. हिशेब खात्यात काम केलेल्या माणसाला 'घोटाळा झाला का' असं विचारलंत तर तो फोन ठेवेल. 'महिनाअखेरीला तुमच्याकडे काम कसं चालायचं?' असं विचारा. मग तो सांगतो की तीस तारखेला रात्री अकराला वरून मेल यायचा आणि बिलं बनायची. घोटाळा हा शब्द त्याच्या तोंडून येत नाही, यायची गरजही नसते.

अशा माणसाला त्याच्या ऑफिसच्या मेलवर कधीही लिहू नका. सिग्नल हे सुरक्षित संदेशांचं ॲप वापरा. त्यानं दिलेला कागद जसाच्या तसा छापू नका, कारण फायलीच्या आत बनवणाऱ्याचं नाव असतं आणि अनेक रंगीत लेझर प्रिंटर कागदावर डोळ्याला न दिसणारे पिवळे ठिपके उमटवतात, ज्यांवरून यंत्र ओळखता येतं. मजकूर नव्यानं टाइप करून घ्या.

स्वतःचीही वही स्वच्छ हवी. ज्या कंपनीवर लिहिताय तिचा एकही शेअर घरात नको, आणि बातमी कधी येणार हे बाहेर कुणाला कळता कामा नये. वायरकार्डबद्दल लिहिणाऱ्या पत्रकारांवरच जर्मन वित्तनियामकानं २०१९ मध्ये बाजारात फेरफार केल्याची फौजदारी तक्रार केली होती. ती चौकशी बंद झाली ती कंपनी बुडाल्यानंतर, २०२० मध्ये.

शेवटी कंपनीला प्रश्न पाठवायचे. लेखी, एकेक आकडा आणि तारीख देऊन, उत्तराला पुरेसे दिवस ठेवून. गुंतागुंतीच्या प्रकरणात मी आठवडा देते. 'आपलं काय म्हणणं आहे' असा मोघम प्रश्न विचारला की मोघम उत्तर येतं. 'अमुक तारखेच्या करारावर आपली सही आहे का' याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. उत्तर बहुतेकदा वकिलाकडून येतं, धमकीच्या सुरात, आणि घाबरून ते बाजूला ठेवायचा मोह होतो. ते टिपांसारखं वाचा. गेल्या वर्षी आलेल्या अशाच एका चार पानी नोटिशीत तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की संबंधित रक्कम 'आमच्या अशिलाच्या दुसऱ्या एका सहयोगी संस्थेनं' फेडली आहे, आणि पुढे त्या संस्थेचं नाव दिलं होतं. माझ्या अडीचशे ओळींत ते नाव कुठेच नव्हतं. मी बातमी दोन आठवडे पुढे ढकलली आणि तारणाच्या नोंदी पुन्हा उघडल्या.